दारातला अंधार

आमच्या खारघरच्या हॉलमध्ये एक जुनं एचिंग, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून छापलेलं चित्र, टांगलेलं आहे. नदीचा घाट, पाण्यावर झुकलेलं झाड, धर्मशाळेचं उघडं दार आणि त्या दारात दाट अंधार. रद्दीवाल्याकडे जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात ते मिळालं होतं. आमच्याकडे ऊन थेट येत नाही. दुपारी साडेचारला समोरच्या टॉवरच्या काचांवरून परतलेलं ऊन दहा मिनिटं भिंतीवर टेकतं. तेवढा वेळ चित्रातला घाट ओला वाटतो, झाड किंचित हलतं, आणि सोफ्यावरच्या माणसाला आपण कुठल्या काठावर बसलोय हे नीट आठवत नाही.

पाहुण्यांना मी समजावून सांगायचो. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर, त्यावर सुईने ओढलेल्या रेघा, मग पत्रा ॲसिडमध्ये. जी रेघ ॲसिडात जास्त वेळ राहते ती खोल होते, आणि छापल्यावर तितकीच काळी. उजेड म्हणजे नुसता कोरा कागद. दारातल्या अंधारात एक बाई उभी आहे, असंही मी सांगायचो. पाहुणे मान डोलवायचे. चहा अजून यायचा असायचा.

आई हे ऐकायची. महाप्याच्या एका कारखान्यात तिने नोकरीभर सर्किट बोर्ड तपासले. तिथेही तांबं, तिथेही ॲसिड. डोळ्याला भिंग लावायचं आणि दोष दिसला की त्यावर लाल बाणाचं स्टिकर चिकटवायचं. रिटायर होताना उरलेली स्टिकरं तिने घरी आणली. मग घरात बाण उगवू लागले. टवका उडालेल्या कपावर, गळक्या नळावर, एकदा माझ्या शर्टाच्या वाकड्या इस्त्रीवर. बोलणं नाही, फक्त बाण.

दोन वर्षांपूर्वी बाण थांबले. घर काही निर्दोष झालं नव्हतं. तिला मोतीबिंदू झाला होता.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. "दिसतंय का?" विचारलं की "दिसतंय की" म्हणायची, आणि घड्याळासमोर बसून मलाच वेळ विचारायची. डॉक्टरांच्या तक्त्यावरची अक्षरं ती आधीच्या पेशंटचं ऐकून पाठ करते, हे मला माहीत होतं. नजर परतली की नाही, कळायला मार्ग नव्हता. परतली नसेल, तर दुसऱ्या डोळ्याला ती कुणाला हात लावू देणार नव्हती.

अशात एके दिवशी सोसायटीच्या सांस्कृतिक समितीचे अध्यक्ष आले. चित्रासमोर हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले.

"हा अंधार म्हणजे काळ," ते म्हणाले.

"दारात बाई आहे," मी म्हटलं.

"बाई म्हणजेच काळ."

आई खुर्चीत डोळे मिटून बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी बाहेरून आलो तेव्हा ते परतीचं ऊन भिंतीवर होतं. आई स्टुलावर बसलेली, डोळ्याला भिंग, चित्रापासून वीतभर अंतरावर. फ्रेमच्या काचेवर, बरोबर दारावर रोखलेला, लाल बाण.

"ही बाई न्हाई," ती मागे न बघता म्हणाली. "डाग हाय. थर उचकटला, ॲसिड आत शिरलं. आमच्याकडं रिजेक्ट झालं असतं."

"आणि काळ?"

"त्यो बी न्हाई." तिचं बोट झाडाकडे सरकलं. "ह्या बारीक रेघा बघ. पत्रा लवकर भाईर काढला, ह्यांच्यावर परत थर दिला, मग बाकीचा बुडवला. हितं तर तीनदा बुडवलाय. मानूस सबुरीचा व्हता. दारापाशीच घाई झाली त्याला."

मी पुस्तकातून पाठ केलेलं ती समोर वाचत होती. पाठ करून सांगता येईल असा हा तक्ता नव्हता. क्षणभर तो अनोळखी माणूस मला दिसला. पत्र्यावर वाकलेला, बाहेर दिवस उतरतोय, ॲसिडमधून बारीक बुडबुडे वर येतायत, आणि त्याला कुणीतरी हाक मारतंय.

"दुसऱ्या डोळ्याची तारीख घेऊ?" मी विचारलं.

"घे," ती म्हणाली. "तुझ्या अध्यक्षांची बी घे."

बाण मी काढलेला नाही. साडेचारला ऊन आलं की त्याची बारीक सावली काचेमागच्या कागदावर, दारात पडते. त्या दहा मिनिटांत मला तिथे अजूनही बाई दिसते. फक्त आता ती उभी नसते, स्टुलावर बसलेली असते. आईला मी हे सांगितलेलं नाही.