कडुलिंबावरचा कप

गारखेड्यात कॉफीचं दुकान काढते म्हटल्यावर नवऱ्याने पहिला प्रश्न विचारला, "का, कोण आजारी आहे?" आमच्याकडे कॉफी सर्दी झाल्यावर प्यायची, नाहीतर चहा न चालणाऱ्या पाहुण्याला द्यायची. बाकी सगळं शहर चहावर चालतं. पण मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती, घरासमोर गाडीसाठी बांधलेली पत्र्याची शेड होती आणि गाडी आम्ही कधी घेतलीच नव्हती. बँकेनं मला मध्ये चार वर्षं म्हैसूरला पाठवलं होतं. तिथून येताना मी एक पितळी फिल्टर, एक निळ्या काठाचा मोठा कप आणि चहाविषयी थोडा तुच्छभाव घेऊन आले. तुच्छभाव पंधरा दिवसांत गळून पडला. जो तो शेडमध्ये डोकावून "चहा हाय का?" एवढंच विचारायचा. शेवटी एका शेगडीवर चहा ठेवला, पाटीवर मात्र "कॉफी" तसंच राहू दिलं. माझा हट्ट कुठेतरी दिसायला हवा होता.

दुसरा हट्ट कागदी कपांचा. ते माझ्या दुकानात येणार नाहीत, हे मी पहिल्या दिवशीच ठरवलं होतं. आमच्या कॉलनीमागच्या नाल्यात पाणी क्वचित दिसायचं, कपांचा खच मात्र बारा महिने. क्रांती चौकातून घरी येईपर्यंत रस्त्याच्या कडेला तेच. मी चिनी मातीचे कप आणले, गाळलेली पूड कुंड्यांमध्ये घालायला लागले, आणि शेडपुढच्या कडुलिंबाखाली शहाबादी फरशीचा ओटा बांधून घेतला. त्या ओट्यावर लोक बसायला लागले आणि दुकान माझं एकटीचं राहिलं नाही.

ओट्यावर पहिल्यांदा बसल्या त्या सिस्टर. सरकारी दवाखान्यात आयुष्यभर नर्स होत्या, निवृत्त होऊन मागच्या गल्लीत राहायला आल्या होत्या. सगळी कॉलनी त्यांना सिस्टर म्हणते, म्हणून मीही म्हणायला लागले. सकाळी सातला फिरून यायच्या, बिनसाखरेची कॉफी घ्यायच्या आणि पहिल्या घोटानंतर सांगायच्या, "आज पातळ झालीय." पातळ झालेली असायचीच. मला राग यायचा आणि दुसऱ्या दिवशी मी जास्त पूड घालायचे. रविवारी त्या रक्तदाब मोजायचं यंत्र आणायच्या आणि लिंबाखाली बसून कॉलनीतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांचा रक्तदाब बघायच्या. कुणी दंड पुढे केला की आधी एक दटावणी, मग यंत्र. मला बहीण नाही. सकाळचा तो अर्धा तास मला बहिणीचा वाटायचा.

मग लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. नळाला आठव्या-नवव्या दिवशी पाणी यायचं. आजूबाजूच्या मोकळ्या प्लॉटांवर इमारती उठत होत्या, प्रत्येकीचं बोअर आधीच्यापेक्षा खोल, आणि आमचं बोअर एका दुपारी नुसता वारा ओकून थांबलं. टँकरसाठी नंबर लावायची वेळ आली. आणि माझ्या दुकानात रोज ढिगानं कप धुवायचे होते.

नवरा म्हणाला, "आता तरी कागदी कप आण. झाडं वाचवायच्या नादात तूच वाळून जाशील." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही, कारण त्याचं खरं होतं. कागदी कप आणले तर नाला भरणार, चिनी मातीचे ठेवले तर पाणी संपणार. तिसऱ्या दिवशी मला युक्ती सुचली: प्रत्येकानं आपला कप घरून आणायचा, तो दुकानातच ठेवायचा, प्यायल्यावर आपला आपण अर्ध्या तांब्यात विसळायचा. विसळलेलं पाणी लिंबाच्या आळ्यात. शेजारच्या वेल्डिंगवाल्या चाचांनी भंगारातल्या सळईला आकडे जोडून भिंतीवर लांबलचक रॅक करून दिला. प्रत्येक आकड्याखाली मी लाल ऑइलपेंटनं ज्याचं त्याचं नाव घातलं. लोक कौतुक करायला लागले. पलीकडच्या कॉलनीतली माणसं बघायला आली. मी तर हवेतच होते.

सिस्टर तेव्हा इथं नव्हत्या. लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेल्या होत्या. दोन महिन्यांनी त्या येणार असं कळलं तेव्हा रॅकवर एकही आकडा रिकामा नव्हता. पण त्या तशाही आत कधी बसायच्या नाहीत, लिंब हीच त्यांची जागा. मी हौसेनं पांढराशुभ्र नवा कप आणला, लिंबाच्या बुंध्यात एक खिळा ठोकला आणि कप त्याला अडकवला. खाली विसळायला तांब्या ठेवला. झाडाला खिळा मारताना एरवी मी कुणाचा हात धरला असता. त्या दिवशी मला तेसुद्धा सुचलं नाही, इतकी मी स्वतःवर खूश होते.

रविवार होता. सिस्टर आल्या, नातवाचा फोटो दाखवला, पेढा दिला आणि ओट्यावर बसता बसता त्यांचं लक्ष कपाकडे गेलं.

"ह्यो कुणाचा?"

"तुमचा!" मी म्हणाले. "आता इथं सगळ्यांचे कप वेगवेगळे. तुमचा खास बाहेर, तुमच्या जागेवर. प्यायलात की विसळायचा आणि परत अडकवायचा."

त्या कपाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, त्यांना गहिवरून आलं. मग त्यांनी अजून न उघडलेलं यंत्र पिशवीत सरकवलं आणि म्हणाल्या, "आज नको, ताई." आणि निघून गेल्या. ओट्यावर दोन म्हातारे बाह्या वर करून तसेच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सात वाजले, साडेसात वाजले, त्या आल्या नाहीत. आठवडाभर आल्या नाहीत. दुसऱ्या रविवारी म्हाताऱ्यांनी विचारलं, "सिस्टर कुठंयत?" आणि मी जे बोलले ते आठवलं की आजही कानाच्या पाळ्या तापतात. मी म्हणाले, "एक कप विसळायला कमीपणा वाटत असेल." सगळे ऐकत होते. चाचा आपला चहा संपवून उठले, आपला कप विसळून आकड्याला लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाजी, मेरेकू बोले होते तो अंदर एक और हुक लगा देता था. दो मिनट का काम."

त्यांनी एवढंच सांगितलं. दिवसभर ते माझ्या डोक्यातून जाईना. संध्याकाळी मी डब्यात ताजी पूड घेतली आणि मागच्या गल्लीत गेले. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरी पहिल्यांदाच जात होते, हेही मला त्यांच्या दाराशी उभं राहिल्यावर कळलं.

त्यांनी दार उघडलं, बसा म्हणाल्या आणि चहा टाकला. "कॉफी नाय माझ्याकडं." मला चांगल्या कपबशीत दिला, स्वतःही तशाच कपबशीत घेतला. मग समोर बसून, पेशंटला आजार समजावून सांगावा तसं, एका सुरात सांगायला लागल्या.

"माझं गाव अजिंठ्याच्या अलीकडं. बाजाराच्या दिवशी वडील मला संगं न्यायचे. फाट्यावर एक हॉटेल होतं, हॉटेलापुढं लिंब. लिंबाला खिळा अन् खिळ्याला कप. तो आमच्या लोकांचा. बाकीचे आत बसायचे. वडील कप काढून सोता धुवायचे, मग हॉटेलवाला वरून चहा ओतायचा. पिऊन झालं की परत धुवायचा, परत खिळ्याला. कपात आधी मला द्यायचे. मी विचारलं, आपण आत का बसत नाय? तर म्हणायचे, भाईर वारं चांगलं लागतं."

मी हातातली कपबशी खाली ठेवली.

"सिस्टर, माझ्या मनात…"

"नव्हतं. ते मला म्हाईत हाये. मनात असतं तर मी भांडले असते. मला लई चांगलं भांडता येतं, वॉर्डात विचारा कुणालाबी." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तुम्हाला आठवलंसुद्धा नाय, ह्याचं वाईट वाटलं. मला तो खिळा जन्मात इसरता आला नाय, अन् तुम्ही तो हौसेनं ठोकला."

मला आठवत नव्हतं का? तिथं बसल्या बसल्याच आठवलं. आमच्या घरी मागच्या दाराशी कोनाड्यात एक कान तुटलेला कप असायचा. अंगण सारवायला, लाकडं फोडायला येणाऱ्यांसाठी. मी दहा वर्षांची असताना त्यात चहा ओतायचं काम माझ्याकडे होतं. किटलीची तोटी कपाला लागू न देता, उंचावरून, एक थेंब बाहेर न सांडता मी ओतायचे. घरातले म्हणायचे, हिचा हात किती स्थिर आहे. मला त्याचा अभिमान होता. पुढे मी शिकले, नोकरी केली, सगळ्यांबरोबर जेवले, आणि तो कप आपोआप पुसला गेला असं धरून चालले. खरं तर तो आठवायची माझ्यावर कधी वेळच आली नव्हती.

हे सगळं मी सिस्टरांना सांगितलं. तोटीचंसुद्धा. सांगताना मला रडू आलं आणि स्वतःचा रागही आला, कारण रडायची जागा माझी नव्हती. "मला माफ करा," मी म्हणाले.

त्यांनी माझी कपबशी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, "चहा गार होतोय." मी तो एका दमात प्यायले. त्यांनी माझी कपबशी उचलायला हात पुढे केला. मी आधीच उठले होते. मोरीत जाऊन मी दोघींच्याही कपबश्या धुतल्या. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या.

"केवढं पाणी सोडताय, ताई! अन् दुष्काळ म्हणून लोकांना कप टांगायला लावता? अर्धा तांब्या अर्धा तांब्या म्हणत प्रत्येक जण एक-एक तांब्या ओतत असणार. दिवसाला किती कप असतात?"

मी आकडा सांगितला. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला तीन गोल काढले. "तीन टब. पहिल्यात साबण, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात कढत. सगळे कप ह्या तिन्हींतून गेले पायजेत. गढूळ झालं की पहिल्या टबातलं झाडाला, पण साबण रिठ्याचा घ्या, नायतर लिंब मारताल. वॉर्डात पाणी नसायचं तव्हा आम्ही अशीच भांडी काढायचो. अन् कप कुणाचाबी कुणालाबी. धुतलेला कप हाये, त्यात नाव कशाला पायजे?"

"आणि धुवायचं कोणी?"

"पाळी लावा. सगळ्यांची."

मी रात्र जाऊ दिली नसती, पण चाचांचं दुकान बंद झालं होतं. सकाळी त्यांनी ग्राइंडर लावून आकड्यांखालची नावं खरवडून काढली आणि लिंबातला खिळा पकडीनं ओढला. भोकातून डिंक आला. दुकानात सगळ्यांदेखत मी सांगितलं की काल सिस्टरांबद्दल मी जे बोलले ते खोटं होतं आणि कमीपणाचं काही असेल तर ते माझ्याकडे आहे. कुणी मान खाली घातली, कुणी पेपर वर केला. नवऱ्याने पहिल्यांदाच, न सांगता, टब आणून मांडले.

सगळ्यांना पाळी आवडली असं नाही. एक गृहस्थ म्हणाले, "माझा कप माझ्यापुरताच राहू द्या, उष्टं-खरकटं मला चालत नाही." मी विचारलं, "हॉटेलात जाता तेव्हा घरून कप नेता का?" माझं तोंड हे असं. ते आपला कप घेऊन गेले ते आजतागायत आले नाहीत. बाकीचे राहिले. टँकर चार दिवसांऐवजी सहा दिवस पुरायला लागला. पुढच्या वर्षी पाऊस झाला, नळाचे दिवसही थोडे अलीकडे आले, तरी टब आम्ही काढले नाहीत. आता तर त्या इमारतींमधली माणसंही धुवायच्या पाळीला येतात आणि तिथंच त्यांच्या ओळखी होतात.

पण मला सांगायचा आहे तो त्यानंतरचा पहिला रविवार. सिस्टर येतील की नाही, मला माहीत नव्हतं. येते असं त्या म्हणाल्या नव्हत्या आणि विचारायची माझी छाती झाली नव्हती. सातला मी फिल्टर लावला, पूड जरा जास्तच घातली. त्या आल्या. ओट्यावर न थांबता सरळ शेडमध्ये शिरल्या, रॅकपुढे उभ्या राहिल्या आणि म्हैसूरचा माझा निळ्या काठाचा मोठा कप काढून माझ्यापुढे धरला. मी तो हातात घेतला, काउंटरवर टेकवला आणि फिल्टरचं भांडं त्याच्या काठाला लावून कॉफी ओतली. हात अजिबात स्थिर नव्हता. थोडी सांडली.

त्यांनी आतल्या बाकावर बसून सावकाश कॉफी संपवली. पातळ झालीय म्हणाल्या नाहीत. त्या दिवशी पहिली पाळी माझी होती. मी त्यांचा कप तिन्ही टबांतून काढला, पुसला आणि आकड्याला लावायला गेले, तेवढ्यात त्यांनी तो माझ्या हातातून घेतला. चष्मा लावून उजेडाकडे धरला. अख्खं दुकान बघत होतं.

"कानापाशी साय राहिलीय, ताई," सिस्टर म्हणाल्या. "परत धुवा."

मी परत धुतला.