राजाजीनगरात विरोध मिळेना

"उलट," असं म्हणून ते उजव्या हाताचं बोट वर करायचे. समोरचा काय बोललाय याच्याशी त्या बोटाचा फारसा संबंध नसे. दूधवाल्याने "आज दूध नाही" म्हटलं तरी "उलट", आणि मी खालून "सर, कॉफी झाली" म्हणून हाक मारली तरी "उलट". असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमचा मात्र खास पॅरिसहून आलेला होता.

नव्वदीच्या दशकात बेंगळुरूतल्या आमच्या राजाजीनगरच्या घराच्या वरच्या खोल्या आम्ही त्यांना भाड्याने दिल्या होत्या. आमचे हे सरकारी कारखान्यात इंजिनीयर, मी घरी. सर तरुणपणी पुण्यात राहून मराठी शिकलेले, त्यामुळे ते साधी मीठ-साखर मागतानाही ग्रंथाची प्रस्तावना वाचल्यासारखे बोलत. गल्लीत सगळे मला अक्का म्हणतात म्हणून तेही अक्का म्हणायला लागले.

त्यांच्या देशात ते मोठे लेखक आणि विचारवंत होते. तिकडे म्हणे विचारवंत टीव्हीवर येऊन भांडतात आणि लोक जेवण बाजूला ठेवून बघतात. सरांनी आजवर अनेक सरकारं, दोन बायका आणि स्वतःचं पहिलं पुस्तक या सगळ्यांना जाहीर विरोध केला होता. मग एकदा घात झाला. एका कार्यक्रमात समोरच्या तरुण विचारवंताने त्यांचं सगळं म्हणणं मान्य करून टाकलं. हळूहळू अख्ख्या देशाने मान्य केलं.

"ज्याचं सगळ्यांना पटतं त्याला कोण बोलावणार, अक्का?" ते म्हणाले. "माझी तर नोकरीच गेली."

म्हणून नवं पुस्तक लिहायला ते भारतात आले. आधी पुण्यात जाऊन पाहिलं, पण तिथे त्यांना कुणी एकही वाक्य पुरं करू दिलं नाही. विरोधालाही काही प्रमाण असावं, असं म्हणत त्यांनी बेंगळुरूची गाडी पकडली. इथे माणसं शांत आहेत, मुद्देसूद भांडतील, असा त्यांचा समज होता.

इथे भांडायलाच कुणी तयार होईना. आमच्या ह्यांना सर म्हणाले, "यंत्रांनी माणसाचं वाटोळं केलं." हे आयुष्यभर यंत्रंच बनवत आलेले, पण इथल्या सवयीप्रमाणे कन्नडमधला होकार देत म्हणाले, "सरी सर, खरंय." न्हाव्याला त्यांनी तोडक्यामोडक्या कन्नडमध्ये सांगितलं, की दाढी करणं ही गुलामगिरी आहे. न्हावी म्हणाला, "सरी सर, स्वल्प मान वर करा," आणि वस्तरा लावला. वस्तरा गळ्याशी असताना मुद्दा ताणू नये, एवढं तत्त्वज्ञान सरांना येत होतं.

त्यात तो स्कार्फ. तिकडे म्हणे विचारवंत तो गळ्याभोवती घेतातच. गल्लीला वाटलं, सरांचा घसा कायमचा बसलाय. कुणी मिऱ्याचं सार आणून द्यायचं, कुणी हळदीचं दूध. सर समजावायचे, की हा आजार नाही, ही भूमिका आहे. लोक म्हणायचे, सरी सर, तरी गरम पाणी प्या.

शेवटी मराठी मंडळाने गणेशोत्सवात त्यांचं व्याख्यान ठेवलं. सरांनी विषय दिला, 'कुटुंब : एक चूक'. फळ्यावर तो 'कुटुंबसंस्था : एक चिंतन' असा आला. सर तासभर कडाडले. घर म्हणजे तुरुंग, नाती म्हणजे बेड्या, ज्याची कुणी वाट बघत नाही तोच माणूस मोकळा. पहिल्या रांगेतले आजोबा नातवाला मांडीवर घेऊन मान डोलावत होते. मग अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "पाहुण्यांनी आज जे सांगितलं, ते आपल्या संतांनी फार पूर्वीच सांगून ठेवलं आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांना शाल आणि नारळ दिला गेला. स्कार्फवर शाल आल्यामुळे घशाची सोय अधिकच चांगली झाली, असं आमचे हे म्हणाले.

घरी आल्यावर सर जिन्याच्या पायरीवर नारळ हातात धरून बसले. एवढा पडलेला चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता.

"अक्का, माझं संपलं. शेवटचं प्रकरण लिहून होत नाही. कुणी नाही म्हटल्याशिवाय मला पुढचं सुचतच नाही."

"मला नाही पटलं तुमचं भाषण," मी म्हणाले.

"का?"

तुम्हाला गंमत वाटेल, पण लग्न होऊन या घरात आल्यापासून मला कुणी 'का' असं विचारलंच नव्हतं. मी सुरू झाले. तुम्ही स्टेजवर घरादाराला शिव्या देत होतात तेव्हा आत आम्ही बायका मसालेभात ढवळत होतो, तो तुम्ही दोनदा घेतलात. बेड्यांचं आम्हाला सांगू नका, त्या आम्हाला तुमच्यापेक्षा चांगल्या ठाऊक आहेत. पण कुणी वाट न बघणं म्हणजे मोकळेपण, हे ज्याला रोज आयती कॉफी मिळते त्यालाच सुचतं.

"उलट," सर म्हणाले आणि ताडकन उभे राहिले. नारळ घरंगळत फाटकापर्यंत गेला.

त्यानंतर रोज दुपारी आम्ही भांडायचो. मी मेथी निवडायची, त्यांनी येरझाऱ्या घालायच्या, आणि संध्याकाळी वरून टाइपरायटर बडवल्याचा आवाज यायचा. आमचे हे कारखान्यातून आले आणि जेवणाचं विचारलं, की मी म्हणायची, "थांबा, मुद्दा चाललाय." महिनाभरात ह्यांना कुकर लावता यायला लागला. इतकी सुखी मी त्याआधी कधी नव्हते.

एकदा सर म्हैसूरला गेले. दुपारी येणार होते, दिवेलागण झाली तरी पत्ता नाही. हे बसस्टॉपवर जाऊन उभे राहिले, मी फाटकात, न्हावी दुकान उघडं टाकून माझ्याशेजारी. सर सावकाश चालत आले, आम्हाला बघून थबकले आणि भयंकर चिडले.

"तुम्ही सगळ्यांनी वाट बघून माझं प्रकरण बिघडवलंत," ते म्हणाले, आणि ताट वाढल्यावर मुकाट्याने जेवले.

पुस्तक पुरं झालं आणि ते निघाले. रिक्षात सामान चढवून झालं होतं. मी म्हटलं, "पोहोचलात की फोन करा. आणि तुमचं ते वाट न बघण्याचं वाक्य चूक आहे, हे विमानात लक्षात ठेवा."

आता ते तावातावाने काहीतरी बोलतील म्हणून मी पदर खोचून तयार होते.

"पटलं, अक्का," ते म्हणाले आणि रिक्षात बसले.

मला असा राग आला. भांडण एवढं रंगात आलेलं असताना कुणी असं मान्य करून निघून जातं का?

फोन मात्र आला, आणि मग दर रविवारी येत राहिला. पुस्तक निघालं, तिकडचे सगळे त्यांच्यावर तुटून पडले, सर पुन्हा टीव्हीवर झळकले. "फार शिव्या देतात, अक्का," असं ते लहान मुलासारखे खुशीत सांगायचे. ते वाक्य बदललं का, म्हणून मी विचारलं. "छे. बदललं असतं तर भांडलं कोण असतं?"

मग एका रविवारी फोन आला नाही. काही आठवड्यांनी त्यांच्या एका स्नेह्याने कळवलं, की सर गेले. एकटेच राहत होते, काही दिवस कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यांच्या पुस्तकाप्रमाणे ते अगदी मोकळे गेले.

ते खरं नाही. त्या रविवारी मी दुपारचं जेवण तसंच ठेवून संध्याकाळपर्यंत फोनपाशी बसून होते.