मायकडून आलेले डोळे

मी लातुरात डॉक्टर होऊ पाहणाऱ्या पोरांना जीवशास्त्र शिकवते आणि चिडते फार. पोरं माझ्या मागं मला काय म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. पण एक धडा असा आहे की तो शिकवताना मला राग म्हणून येत नाही: जनुकाची जादा प्रत. पेशी आपल्या जनुकांची नक्कल करताना कधी चुकते आणि एकाच जनुकाच्या दोन प्रती होऊन बसतात. जुनं काम पहिली सांभाळतेच, म्हणून दुसरी मोकळी. ती बिघडली तरी कुणाचं अडत नाही, आणि बहुतेकदा ती बिघडतेच. पण कधीमधी बदलता बदलता तिला नवंच काम सापडतं. थोरलीनं स्वयंपाक अंगावर घेतला की धाकटी जाऊ शिवण शिकून घेते, तसं. हे मी इतकी वर्षं फळ्यावर काढत आले, आणि आमच्याच घरात ते बसलेलं होतं याचा मला पत्ता नव्हता.

माझं माहेर मुदखेडचं. जंक्शनचं गाव, आमच्या गल्लीतल्या पोरांना भोंग्यावरून गाडी ओळखता येते. धाकट्या भावाला लहानपणापासून इंजिनच चालवायचं होतं, दुसरं काही डोक्यात नाही. लेखी परीक्षा पास झाला आणि डोळ्यांच्या तपासणीत गडी अडकला. रंगीत ठिपक्यांमधले आकडे त्याला वाचता येईनात. लाल-हिरव्यात गल्लत होते म्हणे. बाजारातून तो निम्मे कच्चे टमाटे आणायचा आणि आम्ही त्याला वेंधळा म्हणून मोकळे व्हायचो! असा माणूस इंजिनावर चालत नाही, आणि चालूही नये, हे मला पटतं. पण त्याच्याकडं बघवत नव्हतं.

डॉक्टरनं त्याला सांगितलं होतं की हे आईकडून येतं. त्यानं ते घरी येऊन भोळेपणानं सांगून टाकलं. त्याच वेळी आत्या समजूत घालायला आलेली. ती लगेच म्हणाली की म्हणजे आईनंच पोराचं वाटोळं केलं की.

माय साड्यांना फॉल-पिको करते. पार नायगावकडच्या बाया तिच्याकडं साड्या पाठवतात, कारण तिचा दोरा साडीत दिसत नाही. बाकीच्या बाया रीळ आणि साडी घेऊन उन्हात जातात, तोंड वाकडं करून बघतात, परत येतात. माय बसल्या जागी हात घालते आणि बरोबर साडीच्या रंगाचं रीळ काढते. मला तिचं कायम कौतुक वाटत आलंय. आत्याच्या त्या बोलण्यानंतर मायनं काम बंद केलं, लोकांच्या साड्या तशाच परत पाठवल्या. फोनवर मला एवढंच म्हणाली, "ज्या डोळ्यांनी लेकराला बुडवलं, ते डोळे घेऊन काय करू?"

मिळेल त्या बसनं मी निघाले. मला तेव्हा दिवस गेलेले होते, त्यामुळं माय आधी त्यावरूनच चिडली. आत्या निघून गेली होती, तिचं नशीब.

मग मी मायसमोर मांडी घालून बसले. तिला सांगितलं की लई मागं, माणूस व्हायच्याही आधी, माकडांच्या पूर्वजांत रंग ओळखणारं एक जनुक चुकून दोनदा उतरलं. दोन्ही प्रती हळूहळू वेगळ्या झाल्या. एक लालकडं झुकली, एक हिरव्याकडं. ती चूक झाली नसती, तर कुणालाच पानांतलं पिकलं फळ लाल दिसलं नसतं. पण दोघी अजून शेजारी-शेजारी राहतात आणि दिसायलाही बहिणी-बहिणी, म्हणून पुढच्या पिढीला देताना कधी त्यांची सरमिसळ होते. तशी मिसळलेली जोडी भावाला आली. पोरग्यांना एकच जोडी मिळते, तीही आईकडून. बायांकडं दोन असतात, म्हणून तुझं भागलं. उलट तुझ्याकडं एक चांगली जोडी आहे आणि दुसरी ती मिसळलेली, जी रंग जरा निराळ्या जागी पकडते. अशा काही बायांना इतरांपेक्षा जास्त छटा दिसत असाव्यात, असं जाणकारांना वाटतं. नक्की कुणी सांगू शकत नाही.

मला वाटलं, आता तिचा चेहरा फुलेल. पण ती माझ्या पोटाकडं बघत होती.

"मग तुझ्यात बी आलंय का ते?"

मी खोटं बोलले नाही. येऊ शकतं, म्हटलं, किंवा नाहीही.

ती उठली. परत पाठवायची राहिलेली एक साडी होती, मातकट हिरव्या काठाची. तिनं काठ माझ्या मांडीवर पसरला, दोन रिळं वर ठेवली आणि कोणतं लागेल ते विचारलं. मी खिडकीशी नेऊन बघितलं, डोळे बारीक करून बघितलं. मला दोन्ही एकच दिसत होती. तसं सांगितल्यावर तिनं मोठा श्वास सोडला, म्हणजे माझं लेकरू सुटलं असं तिला वाटलं. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. आणि खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला. तिला जे दिसत होतं, ते मला बघायचं होतं.

भाऊ इतका वेळ दारात उभा होता. तो आत आला, वाकला आणि एक रीळ उचलून काठावर टेकवलं.

"आक्का, दोरे एक कसे? हा बसतोय, तो न्हाई."

मायनं काठाकडं बघितलं, मग त्याच्याकडं. मलाच राहवलं नाही, मी विचारलं, बरोबर आहे का.

"हाव," ती म्हणाली आणि रडायला लागली. "माझ्यावर गेलाय."