आसेगावची संत्री आणि माझ्या दोन दिवसांच्या बादल्या

पेन्शन झाल्यावर राहायचं कुठं, हे ठरवायला मी आसेगावला निघालो. ते माझ्या बायकोचं माहेर. ती वारली, पण जाईपर्यंत एकच घोकत होती, "म्हातारपणी तिकडंच जाऊ." नागपूरच्या खोलीत एकट्याला आता भिंती खायला उठायच्या.

कुणाला जायचं असेल तर सांगतो. मूर्तिजापूरला उतरून छोट्या गाडीनं कारंजा, पुढं मंगरूळपीरची मोटर. लढाईमुळं पेट्रोल मिळत नाही, म्हणून मोटर कोळशावर चालते. चढ आला की उतारूंनी उतरून ढकलायचं, आणि भाडं मात्र पूर्ण द्यायचं! मंगरूळपीरला दर्ग्याजवळ चहा घ्या. तिथून आसेगाव बैलगाडीनं.

मेहुणा सखाराम न्यायला आला होता. त्याचा मळा गावाबाहेर. गोड पाण्याची विहीर, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि संत्र्याची वीस-पंचवीस झाडं. त्याच्या बायकोनं, कासाबाईनं, भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. "भाऊजी, ही खोली तुमचीच समजा," सखाराम म्हणाला. "संत्र्याच्या बहाराचे पैसे आले का वरून कवेलूचं छप्पर टाकतो. तुमी फकत रहायले या."

इतकं सुख मला फार दिवसांनी लागलं होतं. राहण्याजोगा मुलूख म्हणजे याहून वेगळं काय असतं?

दुसऱ्या दिवशी दोघं गाडी जुंपून रामनवमीच्या यात्रेला पोहरादेवीला गेले. गावही बहुतेक तिकडंच. "गाईले पानी पाजा, बाकी कायची फिकीर करू नका," एवढंच सांगून गेले.

दुपारी मी मळ्यात फिरलो तर संत्र्याची पानं कोमेजून लोंबलेली, बुंध्याशी मुळं उघडी. मला वाटलं, बिचाऱ्यांना हात पुरत नाहीत. मुळांवर माती लोटली. बैल गाडीला गेलेले, म्हणून मोट बंद. मग हातानं बादल्या शेंदल्या. दोन दिवस. तळहात सोलले, पण पानं ताठ झाली. बायको पाहत असेल, असंही मनात आलं. मूर्ख!

सखाराम परतला आणि ओल्या आळ्यांपाशी मटकन खाली बसला.

"भाऊजी, पानी तुमी देल्लं?"

"हो. वाळत होती रे."

"म्याच मुळं उघडी करून वाळवून राह्यलो होतो. झाडाले तान द्या लागते. उपाशी ठेवलं तं मिरगात फुलते. आता फूल नाई, निरी पालवी फुटन."

"काहून नाई इचारलं जी?" सखाराम शेवटी एवढंच म्हणाला, तेही हळू. कासाबाईनं माझे हात पाहिले आणि हळदतेल आणलं. नवऱ्याला म्हणाली, "असू द्या. मायेनंच केलं त्याइनं."

दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी दुसऱ्याच दिवशी निघालो. चढावर मोटर ढकलताना हात ठणकत होते.

मृगात एकही फूल धरलं नाही. दिवाळीनंतर कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं कासाबाईचं कार्ड आलं. सखाराम कारंज्याला कापसाची सरकी काढायच्या जिनात मजुरीला गेलाय, घरी ती एकटीच आहे. खाली लिहिलंय, "खोली सारवून ठेवली हाय. कवा येता?"

तिथं राहावं असं जे काही आहे, ते सगळं त्या कार्डात आहे. आणि म्हणूनच मला तिथं जायला तोंड नाही. उत्तर अजून लिहिलेलं नाही.