भिकनने उकळलेली खळ

सुरतेच्या नवागामात भिकन दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होता. तुटलेला धागा तो डोळे मिटून सांधायचा, आणि कामावरून आला की बायको मालतीबाई त्याला अंग धुतल्याशिवाय घरात घेत नसे. पहिलीचं कारण सोळा वर्षं पॉवरलूम. दुसरीवर शेजारच्या उषाबाईंनी भरपूर संशोधन केलं होतं आणि त्या 'कॉलेजातल्या डॉक्टरीणबाईंचं काहीतरी आहे' इथवर पोचल्या होत्या.

खरं कारण उंदरांच्या शेपट्या. प्लेगला तीन वर्षं झाली तरी सुरतेत उंदराचं नाव काढलं की माणसं पाय वर घेत, म्हणून भिकन 'रेशमाचं काम करतो' एवढंच सांगायचा. कॉलेजच्या प्रयोगशाळेत जयश्रीमॅडमना कोलॅजन लागायचं, म्हणजे आपल्या कातडीत आणि सांध्यांत असतो तो दोर. पिंजऱ्यातल्या पांढऱ्या उंदरांच्या शेपटीतून तो धागा न तोडता ओढावा तर भिकननेच.

मॅडम जळगावच्या. त्यांनी त्याला काम कारखान्याच्या भाषेत सांगितलं होतं. "भाऊ, रक्तातली ही पांढरी पेशी एरवी रिकामटेकडी हिंडते. रोग दिसला की आत भोंगा वाजतो. वॉचमन मास्तरला सांगतो, मास्तर कारागिराला, आणि काही दिवसांत पेशीला कोलॅजन पकडणारे हात फुटतात."

"आणि मास्तरला संडासात कोंडलं तर?"

"तेच बघतेय. औषध घालून एकेकाला कोंडायचं. कोणाला कोंडल्यावर हात फुटत नाहीत ते शोधायचं."

त्यासाठी बशीला कोलॅजनचा पातळ लेप द्यायचा, वर पेशी ओतायच्या, धुवायच्या आणि चिकटून राहिलेल्या मोजायच्या.

मॅडम बडोद्याला जाताना पहिल्याच मोजणीच्या बशा तयार करायचं काम भिकनवर सोपवून गेल्या. त्याने फ्रिजमधून कोलॅजनची बरणी काढली. आत नुसतं पाण्यासारखं पातळ. सोळा वर्षं मागावर काढलेला माणूस; सुताला लावायची खळ कच्ची राहिली की धागा तुटतो आणि मास्तर सात पिढ्यांचा उद्धार करतो, हे त्याच्या हाडात भिनलेलं. त्याने सगळी बरणी शेगडीवर चढवली. बशांना लेप देऊन उरलेलं निवलं, तर जेलीसारखं थरथरायला लागलं. भिकन खूश.

मॅडम आल्या. मास्तर कोंडलेल्या पेशी धुतल्यावर वाहून गेल्या, ते ठीक. पण औषध न घातलेल्या मोकळ्या पेशीही गेल्या. तीनदा केलं, तीनदा बशा लख्ख.

"हात फुटतच नाहीत," मॅडम म्हणाल्या. "दोन वर्षं भलत्याच दारात बसले होते मी. सोमवारी काम बंद करते. तुमची सोय लायब्ररीत केलीय, भाऊ."

लायब्ररीचा शिपाई छगन आनंदला. "भिकनभाई, तिथं पंखा आहे, खुर्ची आहे. चूप रहेवानुं." शंका आल्यावर भिकनने त्याला शेगडीची गोष्ट सांगून ठेवली होती. बोललं तर लायब्ररीही गेली, नवागामातला माग ठरलेला. न बोललं तर पंखा. दोन दिवस भिकनला जेवण गेलं नाही.

सोमवारी मॅडम काम बंद करतेय हे सांगायला कॉलेजच्या साहेबांच्या खोलीकडे निघाल्या, तसा तो दारातच आडवा उभा राहिला. "मॅडम, खळ मी उकळली होती."

"कोणती खळ?"

"शेपटीची."

मॅडम खुर्चीत बसल्या. "किती उकळलीत?"

"चहाएवढी. दोन उकळ्या."

"अहो, उकळलं की त्याचा पीळ सुटतो. पेशीला हात फुटले असले तरी धरायला काही उरत नाही."

"पीळ सुटलेलं सूत," भिकन हळूच म्हणाला. "त्याला तर गाठही बसत नाही."

साहेब राहिले बाजूला. नवी शेपटी निघाली, न उकळलेल्या बशा तयार झाल्या. मोकळ्या पेशी अशा चिकटल्या की धुऊन हलेनात; मास्तर कोंडलेल्या गेल्या वाहून. आणि उकळलेल्या बशीवर कोणीच टिकलं नाही. म्हणजे पेशीचे हात पिळाचाच धागा ओळखतात, हेही कळलं.

"परत न विचारता काही केलंत तर तुम्हालाच कोंडेन," मॅडम म्हणाल्या. "पण दर आठवड्याला एक वाटी उकळून द्यायची. तुलना करायला लागेल."

संध्याकाळी भिकन छाती काढून दारात उभा राहिला. "कॉलेजात आता रांधायचं कामबी माझ्याकडे."

मालतीबाईने बादली पुढे सरकवली. "वीस वरीस व्हयनात मी रांधस, माले कोनी इचारं नई. आंग धुईसन या आते."

भिंतीपलीकडे उषाबाईंच्या हातातलं भांडं थांबलं. दिवेलागणीच्या आत सगळ्या नवागामाला कळलं होतं की भिकन आता डॉक्टरीणबाईंचा स्वयंपाकही करतो.