परसातल्या चोवीस फरशा

त्या पावसाळ्यात माझे सासरे न्हाणीच्या दारात घसरले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसवली, दिवाळीच्या सुमारास जखमही भरून आली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, आता ह्यांना खाटेवर पडू देऊ नका, रोज सकाळी उन्हात चालवा.

सांगणं सोपं होतं. आमचं घर सोलापूरच्या हद्दीवरच्या नव्या वस्तीत आहे. पुढं अरुंद बोळ, त्यात सतत मोटारसायकली. सकाळचं ऊन येतं ते फक्त मागच्या परसात, आणि परस म्हणजे नुसती काळी माती. पहिल्या दिवशी सासरे वॉकर घेऊन मागच्या दारातून उतरले, तर वॉकरचे पुढचे पाय चार बोटं मातीत रुतले आणि ते पुढं कलले. मी दंडाला धरून सावरलं. त्यानंतर त्यांनी परसाचं नाव काढलं नाही.

सासरे सांगोल्याकडचे. सगळा जन्म मेंढरांमागं गेला. सासूबाई गेल्यावर आमच्याकडं आले, तरी रोज पहाटे दोन-तीन किलोमीटर फिरून यायचे. आता भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. जेवता का विचारलं तर व्हय, दुखतंय का विचारलं तर न्हाय. दिवसभरात एवढंच बोलणं. पाय वाळत चाललेला मला धोतरावरूनही दिसायचा.

माझा नवरा ट्रकवर असतो. टेंभुर्णीला जेवायला थांबला की त्याचा फोन येतो. परसात शहाबादी फरशी घालून घेऊ या, असं मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, होळीला मी आठ दिवस घरी आहे, तेव्हा बघू, एवढ्या थंडीत कोण काम करतंय. मी म्हटलं, होळीनंतर सोलापुरात उन्हात कोण बसतंय? तो हसला आणि बघ बाई तुला जमतंय का म्हणाला. ती परवानगी होती की चेष्टा, हे मी विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी गवंडी गाठला.

गवंड्यानं एका दिवसात आठ फूट बाय बारा फूट जागा हातभर खोल उकरली. मुरूम, वाळू, सिमेंट आणि दोन बाय दोनच्या चोवीस फरशा येऊन पडल्या. संध्याकाळी तो दुधनीला पाहुण्यांकडं लग्न आहे म्हणून गेला. दोन दिवसांत येतो म्हणाला होता. दोनाचे आठ झाले. फोन केला की उद्या, उद्या. नंतर फोन लागेचना. आता मागच्या दाराशी खड्डा होता, आणि आधी निदान मातीत पाय ठेवता येत होता, तोही येईना.

नवव्या दिवशी सकाळी मी साडीवर नवऱ्याचा जुना स्वेटर चढवला आणि घमेलं घेऊन खड्ड्यात उतरले. मी शाळेचे गणवेश शिवते. ते काम जानेवारीनंतर अंगावर येतं, डिसेंबरात हात मोकळे असतात. कापड सरळ रेषेत कापता येतं तर दगड सरळ लावायला काय लागतं, असं मला खरंच वाटत होतं.

सासऱ्यांना मागच्या दारात खुर्चीवर बसवलं होतं, घोंगडं पांघरून. त्यांना एकटं आत ठेवायला नको, एवढाच हेतू. मी ढिगातला मुरूम भराभर खड्ड्यात ओढत होते. अर्धा ढीग संपला असेल, तेव्हा त्यांचा आवाज आला.

"असं न्हवं पोरी. समदा मुरूम एकदम टाकून भागत न्हाय. काळी माती हाय ती, पावसाळ्यात फुगती. चार बोटं टाक, पाणी मार, धुमस. मग वर आनी चार बोटं."

कित्येक आठवड्यांत ते एवढं बोलले नव्हते. तुम्हाला हे कसं ठाऊक, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं, तरुणपणी एका दुष्काळात मेंढरांना चारा उरला नाही, म्हणून ते वर्षभर सरकारी रस्त्याच्या कामावर होते. मुरूम पसरायचा, त्यावर धुम्मस, म्हणजे दांड्याचा जड ठोकळा, हाणायचा. माझ्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण हे मी कधी ऐकलं नव्हतं. नवऱ्यालाही माहीत नव्हतं, नंतर विचारलं तर.

मी टाकलेला मुरूम परत बाहेर ओढला. धुम्मस कुठून आणायचा हा प्रश्न शेजारणीनं सोडवला. ती तेलुगू, विणकराच्या घरची. शुक्रवार पेठेतून आमच्याच वेळी इकडं राहायला आली. तिच्या घरी जुन्या यंत्रमागाचा बिडाचा एक जड तुकडा पडून होता. त्याला तिनं बांबू पक्का बांधून दिला आणि टॉवेलच्या कारखान्यात जायच्या आधी रोज अर्धा तास स्वतःही हाणायला आली. मी दमले की ती, ती दमली की मी. सासरे खुर्चीतून कान देऊन ऐकायचे. आवाज बद्द येतोय तोवर हाणा म्हणायचे. तिसऱ्या दिवशी आवाज टणक झाला आणि त्यांनी मान हलवली.

मग फरशा. कडेनं दोरी ताणली, खाली वाळू-सिमेंटच्या मालाचा थर घातला, त्यावर फरशी टेकवून लाकडी ठोकळ्यानं ठोकली. एका फरशीला दोघी लागायच्या. सकाळी पाणी इतकं गार असायचं की बादलीत हात घातला की मनगटापर्यंत बधिर. सिमेंटनं बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. खोबरेल तेल बाटलीत गोठलेलं, ते चुलीपाशी ठेवून पातळ करायचं, चोळायचं, आणि परत हात मालात. बोळातल्या बायका येता-जाता बघायच्या. एकीनं विचारलं, एवढी काय घाई आहे? मी म्हटलं, आहे.

शेवटच्या बारा फरशा आम्ही दोघींनी एका रविवारी लावल्या. सोमवारी सकाळी मी हौसेनं एक तांब्या पाणी ओतून बघितलं. पाणी कुंपणाकडं जायला हवं होतं. ते आरामात वळलं आणि मागच्या दाराकडं आलं, सासऱ्यांच्या खुर्चीच्या पायाशी थांबलं. दाराकडच्या बाराही फरशांचा ढाळ उलटा झाला होता. पहिल्याच पावसात स्वयंपाकघरात पाणी आलं असतं, आणि सासऱ्यांच्या पायाखाली पुन्हा ओल.

मी तिथंच पायरीवर बसले. सासरे म्हणाले, "काल दिसलं हुतं मला. म्हनलं डोळं फसत आसतील. म्हातारं मानूस, काय बोलावं."

मला राग आला. काल बोलला असता तर, असं तोंडाशी आलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि कळलं की ते आधीच त्याच विचारात आहेत. मी म्हटलं, "मामा, यापुढं दिसलं की लगेच सांगायचं. माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं यातलं."

ते खुर्चीत सरळ झाले. "मग उचल," म्हणाले. "थंडीनं माल आजून धरला न्हाय. आज निघंल, उद्या न्हाय निघनार."

मी शेजारणीला हाक मारली. ती कामावर निघाली होती, डबा हातात होता. तिनं फरशांकडं बघितलं, डबा ओट्यावर ठेवला आणि कारखान्यात येत नाही म्हणून फोन केला. पहारीनं एक एक कड उचकटत आम्ही बाराही फरशा काढल्या. एक कोपऱ्यात फुटली. खालचा माल खरवडला, दाराकडं बोटभर उंच करून नवा घातला. प्रत्येक फरशी बसली की सासरे पाणी ओतायला लावायचे आणि ते कुंपणाकडं गेल्याशिवाय पुढची घेऊ द्यायचे नाहीत. तिच्या डब्यातली भाकरी-चटणी आम्ही तिघांनी उभ्या उभ्या खाल्ली. उजेड होता तोवर चोविसावी फरशी बसली. फुटलेली दाराकडच्या रांगेत, भिंतीलगतच्या कोपऱ्यात घातली.

त्यानंतर आठ दिवस ओली पोती टाकून ठेवली आणि कुणाला पाय ठेवू दिला नाही. त्या आठ दिवसांत सासरे आपणहून उठून वॉकरनं मागच्या दारापर्यंत येऊ लागले. पोती वाळली की मला हाक मारायचे.

नवव्या दिवशी सकाळी पोती काढली, फरशी झाडली. मी त्यांचा दंड धरला तर ते म्हणाले, "सोड." मी सोडला, पण हात जवळच ठेवला. वॉकर पुढं, मग दुखरा पाय, मग चांगला. चार फरशा ओलांडल्या आणि मधेच थांबून त्यांनी वॉकर दोनदा आपटला.

"ही हालती," म्हणाले.

मी म्हटलं, ठाऊक आहे मला, बघते उद्या. ते पुढं गेले, कुंपणाशी पोचले, उन्हाकडं पाठ करून उभे राहिले. मी स्वयंपाकघरात येऊन चहाचं आधण ठेवलं. डोळ्यांत पाणी आलं होतं ते त्यांना दाखवायचं नव्हतं.

होळीला नवरा आला. त्यानं एक डोळा मिटून कड बघितली आणि वाकडी आहे म्हणाला. खरंच थोडी वाकडी आहे. आठही दिवस तो जेवला मात्र तिथंच बसून. चैत्रात माती तडकली आणि कुंपणाकडच्या दोन फरशा खचल्या. शेजारणीनं आणि मी त्या उचलून मुरूम भरला, अर्ध्या तासाचं काम.

सासरे आता परसात फारसे बसत नाहीत. काठी घेऊन कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत जातात, दुपारी परत येतात. सकाळच्या उन्हात फरशीवर मीच असते, गणवेशांची बटणं लावत.