नावापुढची पांढरी पट्टी

आमचं आडनाव गावावरून आलं. पातूरकडचं गाव. तिथून जो बाहेर पडला त्याला नव्या ठिकाणी लोक गावाच्या नावानं ओळखू लागले. पाटील बाहेर पडला, माळी पडला, तेली पडला, आम्हीही पडलो. इतकं साधं आहे ते. पण या आडनावाच्या काही मंडळींना साधं चालत नाही. 'आपण मूळचे कोण' हे ठरवायला अकोल्यात त्यांचा मेळावा भरतो. बँकेतल्या माझ्या टेबलावरची पाटी वाचून त्यांच्या अध्यक्षांनी मला व्हॉट्सॲप ग्रुपवर घेतलं. लग्नानंतरही मी आडनाव बदललं नव्हतं, त्यामुळे मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फारच बरं वाटलं.

ग्रुपवर रोज तलवारी, घोडे, कुठल्या तरी राजाचे सेनापती. पुरावा एकाकडेही नाही. पुरावा आमच्याकडे होता. माझ्या जात पडताळणीच्या वेळी बाबांनी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून जुन्या दप्तरातून एक नक्कल मिळवली होती. दोन गावांत शिवेचं भांडण लागलं तेव्हा माझ्या पणजोबांना साक्षीला बोलावलं होतं. ते तोवर गाव सोडून गेले होते, तरी त्यांनाच बोलावलं, कारण शिवेचे दगड महारालाच ठाऊक असायचे. त्यांची ती जबानी. त्यांचं नाव, पुढे 'महार', पुढे आमचं आडनाव.

बाबा अमरावतीला असतात, निवृत्त शिक्षक. त्यांना फोनवर विचारलं.

"त्यायले देऊ नको," ते म्हणाले.

"काहून?"

"त्यायले कागद पायजे. मानूस नाई पायजे."

मी ऐकलं नाही. कागदाचा फोटो ग्रुपवर टाकला, आणि दिवसभर लोकांचे जोडलेले हात मोजत बसले.

मेळाव्यात स्मरणिका वाटली. पहिल्याच पानावर तो कागद, खाली ठळक अक्षरांत 'आपल्या घराण्याचे मूळ पुरुष'. पणजोबांचं नाव होतं. आडनाव होतं. मधे पांढरी पट्टी.

मी पुस्तक घेऊन सरळ अध्यक्षांपुढे उभी राहिले. "इथला शब्द कुठं गेला?"

"ताई, आपन जातपात मानतच नाई," ते अगदी प्रेमानं म्हणाले. "म्हनून काढला."

त्याच पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर वधूवरांची यादी होती. प्रत्येकापुढे जात छापलेली, पोटजातीसकट. मी ते पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला जेवून जायला सांगितलं.

माझं डोकं फिरलं. ज्या माणसाला यांच्या पणजोबांनी ओसरीवर पाय ठेवू दिला नसता, त्याला पट्टी चिकटवून यांनी घराण्याचा मूळ पुरुष करून टाकलं. आणि बाबा नको म्हणत असताना तो कागद मी त्यांच्या हातात दिला होता. न जेवता निघाले. मूर्तिजापूर येईपर्यंत अध्यक्षांना शिव्या घातल्या, पुढे अमरावतीपर्यंत स्वतःला.

बाबांनी पुस्तक उघडलं. 'सांगितलं होतं' असं म्हणतील म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी पट्टीवरून नुसतं बोट फिरवलं, तेव्हा मीच बोलले, "तसंही बाबा, तो शब्द आपण छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच टाकला."

"आपन टाकला," बाबा म्हणाले. "आपल्या हातानं. ह्यायनं त्याच्या तोंडावरून पुसला."

त्यांनी खिशातलं पेन काढलं. पट्टीवर, फळ्यावर लिहायचे त्याच वळणदार अक्षरात, तो शब्द लिहिला. शाई वाळेपर्यंत पान धरून ठेवलं.

"किती छापले?"

"पाचशे."

"सगळे घेऊन ये."

मला हसू आलं. ते हसले नाहीत. पेनाचं टोपण अजून त्यांच्या डाव्या हातात होतं.